कोरड्या विहिरीचा दावा

पिराजी सोनकांबळे वकील झाला, तेव्हा माकणीच्या बौद्धवाड्यात वकील नेमकं काय करतो हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. कोर्ट पाहिलेली माणसं होती, पण ती साक्षीला नेलेली, नाहीतर आरोपी म्हणून उभी केलेली. काळा कोट घालून बोलणारा माणूस आपल्याही गल्लीतून निघू शकतो, हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. त्याची आई केशरबाई मात्र भेटेल त्याला सांगायची, "माझा पिराजी आता तोंडानं कमावणार. हातानं न्हाय."

हे बाहत्तर सालचं. पिराजीचे वडील तो लहान असतानाच गेले होते. चुलते आबाराव आणि आई, दोघांनी मिळून त्याला औरंगाबादला शिकवलं. निकाल लागला, सनद मिळाली, आबारावांनी मुरुमच्या शिंप्याकडून कोट शिवून आणला. कोट खांद्यात जरा ढगळ होता. आबाराव म्हणाले, असू दे, वकिली चालली की अंग भरंल.

दिवाळी झाल्यावर पिराजी उमरग्याच्या कोर्टात गेला. दोन वकिलांनी बसायला जागा नाही म्हणून सांगितलं. जागा होती, ते पिराजीला दिसत होतं. तिसरे वकील वीरप्पा बिराजदार. मुरुमचे लिंगायत, पन्नाशी उलटलेले, हळू बोलणारे. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आडनावावर एक क्षण थांबले आणि कारकुनाच्या जाण्यानं रिकामी झालेली खुर्ची पुढं सरकवली. म्हणाले, "बस. पण सांगून ठेवतो, सध्या कामापेक्षा खुर्च्याच जास्त आहेत."

पिराजीला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की ती थट्टा नव्हती.

मुन्सफसाहेब वेळेवर येऊन बसले. पट्टेवाला दारात उभा राहून पक्षकारांची नावं पुकारू लागला. वादी अमुक, हाजिर हो. कुणी नाही. प्रतिवादी तमुक, हाजिर हो. कुणी नाही. एकामागून एक दावे निघाले आणि एकामागून एक पुढच्या तारखेला गेले. समोरच्या लिंबाखाली, जिथं एरवी जत्रेसारखी गर्दी असायची असं म्हणतात, तिथं एक शेळी बसली होती. वकील मंडळी ओळीनं बाकावर बसून दाराकडं बघत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोर्टाचं काम आटोपलं. पिराजी तसाच बसून राहिला. चार वर्षं त्यानं साक्षीपुराव्याचा कायदा घोकला होता. साक्षीदारच येणार नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

वीरप्पांनी त्याला समजावलं. पाऊस नाही, पीक नाही. निम्मी माणसं दुष्काळी कामावर, निम्मी सोलापूर-पुण्याकडं. "पीक आलं की भांडण येतं, पिराजी. बांध कोरायचा तो चार काकऱ्या जास्त पेरायला. पेरायचंच नाही, तर बांध कोरून काय करणार?"

असं कुणी त्याला आधी सांगितलं नव्हतं. दुष्काळ शेतकऱ्याला मारतो, मजुराला मारतो, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. वकिलालाही मारतो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. शनिवारी घरी गेला की आई विचारायची, काय काय बोललास कोर्टात? तो काहीतरी रचून सांगायचा. केशरबाई तोवर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. ऐकता ऐकता बोटांवरच्या चिंध्या सोडायची, नव्या बांधायची.

पौषात पेपरात एक जाहिरात आली. जिल्ह्यात उभ्या राहत असलेल्या एका सहकारी साखर कारखान्याला कारकून पाहिजे होता. कायद्याची पदवी असल्यास प्राधान्य. जागा एक. पिराजीनं कुणालाच सांगितलं नाही, वीरप्पांनाही नाही. गावी आई आजारी आहे असं सांगून रजा घेतली, आणि खोटं बोलल्याची लाज वाटत तो मुलाखतीला गेला.

कारखाना अजून निम्माच उभा होता. धुराडं अर्ध्यावर थांबलेलं, आवारात लोखंडाचे मोठमोठे नळ पडलेले. आणि त्या नळांच्या मधून, सावली मिळेल तिथं, माणसंच माणसं. औरंगाबादला एका वसतिगृहात राहिलेले तिघं त्याला तिथंच दिसले. तिघंही वकील. एकानं हात केला आणि म्हणाला, तू पण? बस्स, तेवढंच. 

मग पिराजीला एका नळाच्या आडोशाला वीरप्पा दिसले.

त्यांनी कोट घातलेला नव्हता. पांढरा सदरा, धोतर, टोपी जरा पुढं ओढलेली, मांडीवर कापडी पिशवी. पिराजीला वाटलं, कारखान्यानं साहेबांना वकील म्हणून नेमलं असणार, तेच आज माणसं निवडणार. आपलं खोटं उघडं पडलं होतं. पण पळून तरी कुठं जाणार? तो पुढं झाला, नमस्कार केला.

"साहेब, मुलाखती घ्यायला आलात?"

वीरप्पांनी मान वर केली. "नाही," ते म्हणाले. "द्यायला."

पिराजी पुढं सांगायचा, त्यानंतर किती वेळ मी उभा होतो ते मला आठवत नाही.  ज्या माणसानं निजामाच्या राज्यापासून वकिली केली, ज्याच्याकडं तालुका सल्ल्याला यायचा, ज्यानं आपल्याला खुर्ची दिली, तो माणूस आपल्याच जागेसाठी आपल्याच रांगेत बसला होता. वीरप्पांनी पिशवी बाजूला घेऊन त्याला बसायला जागा केली. आई बरी आहे का, असं विचारलं. पिराजीनं मान हलवली. दोघं एकाच दिशेला तोंड करून बसून राहिले.

आत आण्णासाहेब होते, कारखान्याचे अध्यक्ष. त्यांनी पिराजीला कायद्याचं काही विचारलं नाही. घरी ऊस किती, एवढंच विचारलं. पिराजी म्हणाला, घरी जमीनच नाही. आण्णासाहेब दुष्ट नव्हते. त्यांनी चहा मागवला, कागद न उघडताच परत दिले आणि अगदी सरळपणानं सांगितलं, "जागा मागच्याच बैठकीत भरली. पण कायद्यानं मुलाखती घ्याव्या लागतात. तुम्ही वकील, तुम्हाला समजंल."

वीरप्पांनाही आत तेच सांगितलं होतं. दोघं चालत सडकेला आले आणि एस.टी.ची वाट बघत उभे राहिले. तिथं वीरप्पा म्हणाले की तू आता माझ्याकडं येऊ नकोस. रागानं नव्हे. "मी तुला खुर्ची दिली, पण तिच्यावर बसून काय मिळणार हे मलाच माहीत नाही. तुला वय आहे. दुसरं काही बघ." पिराजीनं हो म्हटलं. दुसरं काय बघायचं, ते त्यांनी सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही.

तालुक्यात त्या वर्षी काम देणारी एकच जागा होती. पिराजीनं कोट पेटीत ठेवला आणि सोमवारी माकणी-सास्तूर रस्त्याच्या कामावर जाऊन उभा राहिला.

मुकादम बंडप्पा त्याला ओळखत होता. त्यानं नाव लिहायच्या आधी दोनदा वर बघितलं, आणि मग हातोडा दिला. पिराजी ओळीत जाऊन आईच्या शेजारी बसला. केशरबाईचा हात वर गेलेला तो वरच राहिला. तिच्यापलीकडच्या बाईचाही थांबला, मग तिच्यापलीकडचीचा. ठकठक बंद होत होत सगळी ओळ गप्प झाली. उन्हात माणसं नुसती बघत होती. मग कुणीतरी पुन्हा फोडायला लागलं. केशरबाईनं आपल्या बोटाच्या दोन चिंध्या सोडून पिराजीच्या बोटांना बांधल्या. दुपारी भाकरी सोडल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"तुझा बाप हेच करायचा. मग तुला इतक्या लांब कशापायी धाडलं म्या?"

 संध्याकाळी आबाराव आले, पेटी उघडून कोट आहे का बघितलं आणि पेटी लावून निघून गेले.

कामावर हजाराच्या आसपास माणसं असतील. पहिले काही दिवस लोक पिराजीला बघायला मुद्दाम त्या बाजूनं टोपली घेऊन जात. कोर्टात हातोडा असतो म्हणतात, तो ह्योच का, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. नंतर लोक विसरले. पिराजीचे हात फुटले, सुजले, मग घट्टे पडले.

एके दिवशी भाकरीच्या सुट्टीत तो पाण्याच्या टाकीकडं चालला होता. वाटेत खडीच्या ढिगाच्या सावलीत दोन माणसं एकाच फडक्यावर मिलोच्या लाल भाकरी मोडून खाताना दिसली. त्या वर्षी रेशनवर परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणत. दोघं एकमेकांना नावानं हाका मारत होते. पिराजी दोन पावलं पुढं गेला आणि ती नावं ध्यानात येताच मागं फिरला. एक होता सास्तूरचा बलभीम, दुसरा त्याचा चुलतभाऊ बब्रुवान. ही दोन नावं त्यानं पट्टेवाल्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकली होती. बलभीम वादी, बब्रुवान प्रतिवादी. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चाललेला दावा. उमरग्याच्या कोर्टातल्या सगळ्यांत जुन्या दाव्यांपैकी एक. बलभीमचं वकीलपत्र वीरप्पांकडं होतं. बब्रुवानचे वकील दुष्काळ पडल्यावर सोलापूरला निघून गेले होते. त्या दाव्याच्या कागदांत दोघांनी एकमेकांवर मारहाणीचे आरोप केले होते, ते पिराजीनं स्वतः वाचले होते.

"तुम्ही दोघं एकत्र जेवता?" त्यानं विचारलं.

"भाकरी एकाकडं असती, कोरड्यास एकाकडं," बब्रुवान म्हणाला. "आन् भाऊ हाय त्यो माझा."

"मग दावा?"

"दावा हाय की. त्यो कोर्टात हाय. हितं कुठं हाय?"

पिराजी त्यांच्याजवळ खाली बसला. दोन महिने तो ज्या पक्षकारांची वाट बघत बाकावर बसला होता, ते सगळे इथं होते. नुसते हे दोघं नव्हेत. मुकादमाच्या हजेरीत रोज ऐकलेली नावं आपण दाव्यांच्या कागदांत वाचली होती, हे त्याला आता आठवायला लागलं. बांधाचे वादी-प्रतिवादी, वाटणीचे भाऊ, साक्षीदार, पंच, सगळे एकाच सडकेवर खडी फोडत होते. तिकडं उमरग्यात मुन्सफ रिकाम्या दाराकडं बघत बसले होते.

त्यानं विहिरीत पाणी किती आहे ते विचारलं. बलभीम म्हणाला, "वाटीभर न्हाय. तळाला कासव मेलं मागल्या महिन्यात."

"मग पाळी कशाची मागताय?"

 मग बब्रुवान म्हणाला, पाणी येईल तेव्हाची.

"येईल तेव्हाची आत्ताच लिहून ठेवा," पिराजी म्हणाला. "पाणी दिसलं की तुम्ही दोघंबी कधी कबूल व्हायचे न्हाईत."

बलभीमनं तुकडा तोंडाशी नेलेला हात खाली घेतला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं बरेच दिवस सुट्टीत तेच बोलणं चाललं. बब्रुवान आधी पिराजीपासून हातभर लांब बसायचा. जुनी सवय. मग हातोड्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून तो जवळ सरकला आणि पुन्हा लांब गेला नाही. भांडण अडलं ते रात्रीच्या पाळीवर. अंधारात, विंचूकाट्यात पाणी धरायला कुणी जायचं? बलभीमची बायको द्वारकाबाई आणि बब्रुवानची सारजाबाई, दोघी तोवर नुसत्या ऐकत होत्या. सारजाबाई म्हणाली, एक आठवडा आमी रातचं, एक आठवडा तुमी. द्वारकाबाईनं मान डोलावली. पुरुषांनी एकमेकांकडं बघितलं. ठरलं. उन्हाळ्यात दोन्ही घरांनी मिळून विहिरीतला गाळ काढायचा, हेही ठरलं. पिराजीनं सगळं नीट कागदावर उतरवलं.

तारखेच्या दिवशी ते खडीच्या ट्रकमधून उमरग्याला गेले. पिराजीनं पेटीतला कोट घातला होता, हात मात्र खडी फोडणाऱ्याचे. वीरप्पा वऱ्हांड्यात एकटेच होते. आपला पक्षकार आणि समोरचा, दोघं पिराजीच्या मागून येताना बघून ते उठून उभे राहिले. पिराजीनं कागद पुढं केला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा उतरलेला पिराजीला दिसला. पण त्याला वाटलं, त्यांना न विचारता केलं म्हणून असेल.

"बब्रुवानचं वकीलपत्र तू दाखल कर," वीरप्पा म्हणाले. "माझी हरकत नाही." आणि खाली बलभीमतर्फे सही केली.

कोर्टात पुकारा झाला आणि दोन्ही बाजूंनी माणसं पुढं आली. पट्टेवाला मागं वळून बघू लागला. मुन्सफसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोघांनाही समजावून विचारलं, मग तडजोड मंजूर केली. पिराजी पहिल्यांदाच कोर्टात वकील म्हणून बोलला होता. काय बोललो, त्यातला एक शब्दही त्याला बाहेर आल्यावर आठवेना.

मंडळी ट्रककडं गेली. वीरप्पा पिराजीला लिंबाखाली घेऊन आले. कागद चांगला लिहिलास म्हणाले. सर्व्हे नंबर दोनदा आलाय, तसा लिहू नये, हेही म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, "द्वारकाबाई पुढची तारीख विचारायला बिऱ्हाडी यायची. मोकळ्या हातानं येऊ नये म्हणून पदरात मिलो घेऊन यायची. माझ्या घरी चूल पेटायची ती त्याच्यावर. दुसरा पक्षकार येत नव्हता."

 त्याचं पहिलं काम, ज्याचा त्याला एवढा अभिमान वाटत होता, त्यानं त्याच्या गुरूच्या घरातली भाकरी बंद केली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे खडी फोडणारी बाई आपल्या रेशनातली मिलो काळ्या कोटातल्या वकिलाला देत होती, आणि तो ती घेत होता. कुणाची कीव करावी हेच त्याला कळेना. त्यानं माफी मागायला तोंड उघडलं तसं वीरप्पांनी हातानं थांबवलं.

"तू वकिलाचं काम केलंस. माझ्याकडून तेवढं झालं नाही. जा, ट्रक सुटेल."

महिन्याभरात वीरप्पांनी उमरग्यातलं बिऱ्हाड मोडलं आणि ते मुरुमला पुतण्याच्या कापडदुकानात बसू लागले. पिराजीला हे कामावर समजलं. त्या दिवशी तो हातोडा घेऊन बसला खरा, पण दिवसभर त्याच्याकडून ढीग काही वाढला नाही. केशरबाईनं आपल्या ढिगातली खडी त्याच्या बाजूला लोटली.

पाऊसकाळ येईपर्यंत पिराजी खडीवरच होता. पण सुट्टीत आता त्याच्याभोवती माणसं बसत. काही भांडणं तिथंच मिटली, काही मिटली नाहीत. पुढं पिकं आली, आणि वीरप्पा म्हणाले होते तशी पिकांबरोबर भांडणंही आली. ज्यांनी पिराजीला खडी फोडताना पाहिलं होतं ते त्याच्याकडंच आले. लोक त्याला खडीवरचा वकील म्हणू लागले. हे नाव त्याला आधी टोचायचं. पुढं सवय झाली.

मग काही वर्षांनी माकणीजवळ तेरणेवर धरणाचं काम निघालं, जमिनी जाऊ लागल्या. मोबदल्याचे दावे एवढे आले की पिराजीला जेवायला उसंत मिळेना. त्यात एक अडचण आली. कुणाची जमीन किती, हे सिद्ध करायचे जुने कागद निजामाच्या काळातले, उर्दूत लिहिलेले. नव्या वकिलांत ते वाचणारा कुणी नव्हता. शेतकरी आजोबाच्या पेटीतला कागद आणायचे आणि वकील तो उलटा धरायचे. एका म्हातारीची जमीन केवळ कागद वाचता न आल्यानं दुसऱ्याच्या नावावर लागायची वेळ आली, तेव्हा पिराजीनं सरळ मुरुमची एस.टी. धरली.

वीरप्पा गजानं कापड मोजत होते. केस पांढरे झाले होते. पिराजीनं दुकानाच्या पायरीवर बसून कागद पुढं ठेवला. वीरप्पांनी हातातलं कापड खाली ठेवलं, कागद उजेडाला धरला आणि उर्दू घडाघडा वाचत गेले. शेवटी म्हणाले, "बाईची जमीन बाईचीच आहे. ह्यात शंका कुणाला आली?"

पिराजीनं त्यांना उमरग्याला चला म्हटलं. ते नाही म्हणाले. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला, त्याच्याही पुढच्या आठवड्यात गेला. शेवटी पुतण्यानंच त्यांची पिशवी भरून दिली.

उमरग्याच्या कोर्टात त्या दिवशी बाकावरची मंडळी बोलायची थांबली. बिराजदार वकील, सगळ्यांत जुने, सोनकांबळ्याच्या टेबलाशी बाजूच्या खुर्चीत बसले होते. अंगावर कोट, पुढ्यात जुन्या कागदांचा गठ्ठा. चहा आला तो दोघांना एकाच थाळीतून आला आणि दोघांनी घेतला. काहींना ते बघवलं नाही, काहींना विश्वास बसला नाही. पिराजीनं पाटीवर त्यांचं नाव वर घालायचं म्हटलं, तर त्यांनी घालू दिलं नाही. नजर जाईपर्यंत ते तिथं येत राहिले. त्या कागदांवर कितीतरी घरांना त्यांच्या जमिनीचा मोबदला मिळाला.

पहिल्याच दिवशी हिंमतराव नावाच्या एका वकिलाला राहवलं नाही. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ह्याच्या हाताखाली? काय म्हणून बसता?"

वीरप्पांनी बोट ओळीवर तसंच ठेवलं, जागा चुकू नये म्हणून.

"काम आहे म्हणून," ते म्हणाले, आणि पिराजीकडं पुढचा कागद मागितला.